बाजू दोन

टोलिडोत एका चर्चच्या तळघरात
जुन्या सामानाचा बाजार भरला होता.
वॅफलचे तवे, एक पाय गेलेलं इस्त्रीचं टेबल,
आणि खोक्याच्या तळाशी ती तबकडी.
कव्हर नाही. पांढऱ्या लेबलवर बॉलपेननं
‘व्ही. टिब्स, बाजू दोन’.
पन्नास सेंट.
बाई म्हणाली, वाजली नाही तर परत आणू नकोस.

वाजली.
तेव्हा मी टायरच्या गोदामात रात्रपाळीला होतो,
सकाळी सातला घरी येऊन
झोप लागत नसे.
सुई टेकली की आधी खरखर,
मग कुणीतरी खुर्ची सरकवतं,
मग बॅरिटोन सॅक्सोफोन.
हंबरडा म्हणावा तर त्यात रडणं नव्हतं.
जड कपाट जिन्यावरून उतरवताना
खालचा माणूस वरच्याला जे सांगतो
तसं काहीतरी, शब्द वगळून.
ठेका नाही. धून म्हणून धरावं तर हातात येत नाही.
ड्रम लांब कुठेतरी,
शेजारी बर्फ ओढतोय फावड्यानं, तसा.
अकराव्या मिनिटाला एक पुरुष खोकतो,
दोनदा, घोगरा, सावकाश.
मला तो खोकला पाठ झाला.

नऊ वर्षं मी टिब्स नावाचा बॅरिटोनवाला शोधत होतो.
वादकांच्या युनियनच्या फुगलेल्या वह्या,
डेट्रॉइटच्या दुकानदारांना पत्रं.
एकानंच उत्तर धाडलं, तेही पोस्टकार्डावर:
बॅरिटोन नाही. एक व्हर्लन टिब्स होता, आल्टो वाजवायचा,
काचेच्या कारखान्यात भट्टीवर.
तो नव्हे, म्हणून मी ते कार्ड
फ्रिजवर चिकटवून विसरलो.

आणि मार्चमध्ये, विजेच्या खांबावर, ओल्या कागदावर
तेच नाव.

गादीवाल्याचं बंद पडलेलं दुकान.
अकरा खुर्च्या, सात माणसं,
त्यातला एक नुसता हीटरसाठी आलेला.
लोकरी टोपीतला म्हातारा, आल्टो,
एक कळ रबरबँडनं बांधलेली.
त्यानं सुरुवात केली
आणि वळचणीत चिमण्यांचं भांडण पेटलं.
सगळं वर, सगळं झटपट,
ड्रमवाला पोरगा मागे धापा टाकत.
चांगलं होतं. पण माझा माणूस हा नव्हता.
मी हातमोजे चढवू लागलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली बाई खोकली.
दोनदा. बारीक, लगबगीनं,
मधे श्वास न घेता.
कानांच्या आधी मानेला कळलं.

पंचेचाळीसची तबकडी
मी नऊ वर्षं तेहतीसवर फिरवत होतो.
अकरावं मिनिट आठवं होतं.
पुरुष ही बाई होती, इमोजिन, त्याची बायको,
आणि माझा बॅरिटोनवाला
कुठेच नव्हता.

खुर्च्या घडी करता करता मी त्याला सांगून टाकलं.
तो रुमालानं नळीतली थुंकी पुसत होता.
‘बाजू एक?’ मी विचारलं.
‘कोरी. पैसे संपले.’
मग म्हणाला, ‘गुणगुणून दाखव. तुझी.’

माझा आवाज काय असणार!
तरी दाखवली, जमली तेवढी खालून,
गाद्यांच्या जाहिरातीखाली उभा राहून.
इमोजिनचा हात कोटाच्या चेनवर थांबला.
त्यानं डोळे मिटून ऐकलं,
एकदा मान हलवली, नाही म्हटल्यासारखी.

‘माझ्यापेक्षा बरा वाजवतो तो.
घाई नाही त्याला.
सापडला तर मलाही कळव.’

घरी आलो. बटण पंचेचाळीसवर केलं.
व्हर्लन टिब्स भुर्रकन आला नि गेला,
आठव्या मिनिटाला इमोजिन खोकली,
सगळं जसं झालं होतं तसं.

मग पुन्हा तेहतीसवर.
तो दुसरा अजून जिन्यातच होता,
कपाट धरून.